वास कुठून येतोय?

आणेवाडीच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत उभी राहिली आणि वास आला. कढई गॅसवर विसरली की येतो तसा, पण खायच्या तेलाचा नव्हे. त्यात डांबराची झाक होती आणि घशात खवखव होईल असा तिखटपणा. नुकताच खंबाटकीचा घाट चढून आलो होतो. पुण्यातलं लग्न उरकून आई-बाबांना साताऱ्याला सोडायला निघालो होतो, गाडी बाबांची, चालवत मी होतो.

"बाबा, जळका वास येतोय का?"

"मला विचारतोस?" बाबा म्हणाले.

मी जीभ चावली. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोना झाला तेव्हापासून बाबांना वास येत नाही. चव बरीचशी परत आली, वास आलाच नाही. त्याआधी घरातलं अधिकृत नाक त्यांचंच होतं. दूध नासायच्या बेतात आहे हे ते फ्रीज उघडता उघडता सांगायचे. शेजाऱ्यांच्या घरी गॅस चालू राहिलाय हे त्यांनी एकदा जिन्यात ओळखलं होतं. आता तेच ही गाडी रोज चालवतात, म्हणजे हा वास किती दिवसांपासून येतोय हे सांगायला कुणी नव्हतं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मला येतो की मधूनमधून. मला वाटायचं पुढच्या ट्रकचा असेल."

गाडीत बसलेल्या माणसाला वास नेहमी पुढच्या ट्रकचाच वाटतो. आईचं हे वाक्य मला नंतर बऱ्याचदा आठवलं.

तर, गाडीचे वास. कूलंट गळत असेल तर वास गोडसर येतो. क्लच जळत असेल तर कागद जळल्यासारखा. सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल तर तो वास सगळ्यांना माहीत आहेच. इंजिन ऑइलचा वास मात्र दोन तऱ्हांनी येऊ शकतो आणि त्या दोन तऱ्हांमध्ये पन्नासेक हजारांचा फरक पडू शकतो. तेल सिलिंडरच्या आत जळत असेल, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली असतील, तर मागच्या नळीतून निळसर धूर येतो. धूर नसेल आणि वास मात्र बोनेटच्या बाजूने येत असेल, तर तेल बाहेर कुठेतरी झिरपून गरम भागावर पडतंय. गाडी पळत असताना खालून वारा लागतो आणि धूर मागे निघून जातो. थांबली की तोच धूर सरळ वर चढतो. समोरच्या काचेखाली जी जाळी असते तिथूनच गाडी आत हवा ओढते. म्हणून वास सिग्नलला येतो, टोलला येतो, घाट चढून थांबल्यावर येतो. एसीचं ते गोल बाण असलेलं बटण दाबलं की नाहीसा होतो, आणि माणूस म्हणतो, बघ, गेला.

आमच्या गाडीला निळा धूर नव्हता. साताऱ्यात पोचल्यावर बोनेट उघडून मोबाइलच्या टॉर्चने पाहिलं तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या कडेला ओल होती, आणि तिथून एक काळी रेघ खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डपर्यंत गेली होती. तेल शोधायचा नियम साधा आहे: खाली कुठे थेंब पडतो ते बघू नये, सगळ्यात वर कुठे ओलं आहे ते बघावं. तेल खालीच जाणार, वारा त्याला मागेही ढकलणार. खालचा थेंब उगमाविषयी खोटं बोलतो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये झाकणाचं पॅकिंग बदलून घेतलं. दोन-तीन दिवस जुनं सांडलेलं तेल जळत राहिलं, मग वास गेला. मी पुण्याला परतलो, स्टँडअप मीटिंगांना लागलो. दिवाळीत घरी आलो, गाडी काढली, पोवई नाक्याला थांबलो आणि पुन्हा तोच वास. नवं पॅकिंग जेमतेम पाच महिने टिकलं होतं. गॅरेजवाल्याने गाडीकडे न बघताच सांगितलं, "जुनी झाली आता. विकून टाका."

बाबांना गाडी विकायची नव्हती. पण त्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मग मी चालवत नाही. पेटली तरी मला कळायचं नाही." ते हे अगदी सहज म्हणाले. आणि खरं होतं. ऑइल सहसा धुमसतं आणि वास मारतं, पण तापलेल्या मॅनिफोल्डवर पुरेसं तेल पडलं तर पेटतंसुद्धा, आणि त्या दोन अवस्थांमधला इशारा फक्त नाकाला मिळतो.

आमच्या धंद्यात कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की ती कुणी, कधी आणि का लिहिली हे बघायची सोय असते. गिट ब्लेम म्हणतात त्याला. मी त्या रात्री गाडीचं गिट ब्लेम काढायला बसलो. प्रश्न एवढाच होता: चांगलं नवं पॅकिंग आतून कोण ढकलतंय?

उत्तर शोधताना पहिली गोष्ट कळली ती अशी की जळक्या तेलाचा वास हा कित्येक वर्षं दोष मानलाच जात नव्हता. सुरुवातीच्या इंजिनांत तेल फिरून परत यायची अपेक्षाच नव्हती. वरून थेंब थेंब सोडायचं, ते यंत्रातून जायचं आणि रस्त्यावर किंवा हवेत संपायचं. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला ऑइल पंप नव्हता. खालच्या चेंबरमधलं तेल फिरत्या भागांनी उडायचं आणि जिथे पडेल तिथे वंगण व्हायचं. तेल किती उरलंय ते बघायला पट्टीही नव्हती. चेंबरला दोन छोटे नळ होते. गाडीखाली वाकायचं आणि नळ उघडून तेल येतंय का ते बघायचं.

विमानांचा प्रकार तर आणखी अचाट. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांना रोटरी इंजिनं होती, ज्यात सिलिंडरांचा सगळा घोसच पंख्याबरोबर गरागरा फिरायचा. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच जायचं. साधं खनिज तेल घातलं तर ते पेट्रोलमध्ये विरघळून पातळ व्हायचं. पेट्रोलमध्ये सहज न मिसळणारं एक तेल मात्र हाताशी होतं: एरंडेल. आपल्या आज्या पोट साफ करायला द्यायच्या तेच. ते एकदा वापरून धुराबरोबर बाहेर फेकलं जायचं, वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर, नाकातोंडात. त्यांच्या पोटांचं काय व्हायचं याचे किस्से अजून सांगतात. आपल्याकडे कंटाळवाण्या बडबडीला एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात, कारण त्यातून रस काही निघत नाही. तेल मात्र असं निघालं की लंडनच्या चार्ल्स वेकफील्डने १८९९ मध्ये काढलेल्या कंपनीने दहा वर्षांनी आपल्या नव्या वंगणाला एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच नाव दिलं. कॅस्ट्रॉल. शर्यतींचे शौकीन त्या जळक्या एरंडेलाच्या वासावर जीव टाकायचे.

हसू नये. माझ्या लहानपणीचा पुण्यातल्या मामाकडचा वास विचाराल तर तो टू-स्ट्रोक स्कूटरच्या धुराचा आहे. पेट्रोलपंपावर मापाने २टी ऑइल टाकीत घालायचे आणि ते पेट्रोलबरोबर जळणं हीच इंजिनाची योजना होती. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली चेतक असो की रिक्षा, मागे निळा पदर सोडत जायची आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटायचं नाही.

तेल आत ठेवायचं असं एकदा ठरल्यावर मात्र यंत्राला सांधे बंद करणं आलं. दोरी, बूच, कागद, चामडं, सगळं वापरून झालं. फिरत्या दांड्यावरचं आजचं ऑइल सील हा चामड्याच्या धंद्याचा वारस आहे. जर्मनीतल्या वाइनहाइमचा फ्रॉयडेनबर्ग हा मुळात कातडी कमावण्याचा कारखाना. १९२९ च्या मंदीत कातड्याला गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा त्यांनी चामड्याची सीलं करायला घेतली. वाल्टर झिमर नावाच्या त्यांच्या इंजिनिअरच्या नावावरून त्या सीलला 'झिमरिंग' म्हणू लागले. चामड्याची मर्यादा उष्णता. मग रबर का नाही? कारण नैसर्गिक रबर तेलात फुगतं. दोन्ही हायड्रोकार्बनच, एकाच कुळातले, एकमेकांत मुरतात. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ब्युटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइल जोडून तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर बनवलं. तुमच्या गाडीतली कितीतरी सीलं आणि पॅकिंगं त्याची किंवा त्याच्या भाऊबंदांची असतात. वर्षानुवर्षं तापून ती कडक होतात. आमच्या गाडीचं पहिलं, मूळचं पॅकिंग काढलं तेव्हा ते भाजलेल्या पापडासारखं मोडलं होतं.

ब्युटाडाइन हा शब्द लक्षात ठेवा. परत येणार आहे.

पण पाच महिन्यांचं पॅकिंग पापड होत नाही. इथे इंजिनाच्या श्वासाकडे वळावं लागतं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी दर स्फोटाला थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली चेंबरमध्ये उतरतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं असतात. त्याला बाहेर जायला वाट दिली नाही तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कच्च्या सांध्यातून बाहेर पडू लागतं. म्हणजे पॅकिंग. दाब तसाच ठेवून नवं पॅकिंग बसवणं म्हणजे तुंबलेल्या मोरीभोवती नवं सिमेंट लावणं.

ही वाट सुरुवातीला कशी होती? एक नळी. इंजिनातून निघून खाली रस्त्याकडे तोंड केलेली. गाडी पळायला लागली की खालून जाणाऱ्या वाऱ्याने त्या नळीतला वायू ओढला जायचा. अमेरिकेत जवळपास तीन दशकं बहुतेक गाड्यांना हीच सोय होती. गाडी थांबली की ओढ बंद. गाडीतल्या माणसाला त्रास नाही, जे काय आहे ते रस्त्यावर आणि मागच्याच्या नाकात. या नळीला दुसऱ्या महायुद्धात एक अडचण आली. लष्करी वाहनं नदीनाल्यांतून न्यायची तर याच नळीतून पाणी इंजिनात शिरणार. म्हणून ती वाट बंद करून वायू पुन्हा इंजिनाच्याच हवेच्या वाटेत सोडायची युक्ती काढली. इंजिन हवा ओढतंच, त्या ओढीने चेंबरमधला वायूही खेचला जातो आणि सिलिंडरमध्ये जळून जातो. मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह: इंजिन नुसतं धडधडत असताना ओढ जबर असते तेव्हा वाट अरुंद करतो, जोर लावल्यावर मोठी करतो, आणि उलटा भडका आला तर मिटतो. हाच पीसीव्ही व्हॉल्व्ह. अंगठ्याएवढा. युद्ध संपलं, आणि साध्या माणसाच्या गाडीला पुन्हा तीच रस्त्यावरची नळी राहिली.

आता लॉस एंजेलिस. २६ जुलै १९४३. शहरावर असं दाट, डोळे झोंबवणारं धुकं उतरलं की काही इमारतींपलीकडचं दिसेना. युद्ध चालू होतं, लोकांना वाटलं जपानने विषारी वायू सोडला. मग संशय गेला अलिसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनत होतं, कारण आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानने घेतले होते. लोकांनी आरडाओरडा केला, कारखाना काही काळ बंद ठेवून सुधारला गेला. धुकं राहिलंच. नंतर तेलशुद्धीकरण कारखान्यांचा गंधक पकडला. १९४७ मध्ये हवेसाठी स्वतंत्र जिल्हा यंत्रणा उभी केली. परसात कचरा जाळायच्या भट्ट्यांवर १९५७ मध्ये बंदी आली. यातलं काही निरुपयोगी होतं असं नाही. पण धुकं राहिलं. पॅकिंग बदलत होते, वास परत येत होता.

खरा उगम शोधला तो वासावर काम करणाऱ्या माणसाने. आरी हागेन-स्मिट हा डच जीवरसायनशास्त्रज्ञ कॅलटेकमध्ये अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता: अननसातून निघणारी हवा अतिथंड नळीतून न्यायची, वास देणारी द्रव्यं गोठवून पकडायची, मग एकेक वेगळं करायचं. त्याला विनंती केली गेली की हेच शहराच्या हवेचं करून बघ. त्याने खिडकीबाहेरची हवा त्याच उपकरणातून ओढली आणि हातात आले उग्र वासाचे तपकिरी थेंब. पुढे त्याने दाखवून दिलं की पेट्रोलमधले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कॅलिफोर्नियाच्या उन्हात एकमेकांशी क्रिया करतात आणि ओझोन तयार होतो. गुन्हेगार गाड्या आणि तेलधंदा, दोघंही.

ओझोन मोजायला त्याने काय वापरलं ते मला फारच आवडलं. वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या. ओझोनने रबराला भेगा पडतात, जितका ओझोन जास्त तितक्या लवकर. भेगा पडायला किती मिनिटं लागली ते मोजायचं. लॉस एंजेलिसमध्ये टायरही इतर शहरांपेक्षा लवकर तडकायचे, आणि ते कुणीतरी आधीच पाहून ठेवलं होतं.

तेलधंद्याच्या पैशावर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेच्या लोकांनी त्याचं म्हणणं जाहीरपणे खोडून काढलं. हागेन-स्मिट म्हणे त्यामुळेच चिडला आणि अननस बाजूला ठेवून पूर्ण वेळ याच्या मागे लागला. १९५३ साली लॉस एंजेलिस काउंटीचे पर्यवेक्षक केनेथ हान यांनी डेट्रॉइटच्या कंपन्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. फोर्डकडून आलेल्या उत्तराचा मथितार्थ असा होता की गाड्या धूर सोडतात हे आमच्या इंजिनिअरांना ठाऊक आहे, पण तो हवेत लगेच विरतो, त्याने प्रदूषणाचा प्रश्न निर्माण होत नाही.

पुढच्या ट्रकचा असेल.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गाडी जे हायड्रोकार्बन हवेत सोडते त्यातला पाव हिस्सा तरी मागच्या सायलेन्सरमधून जातच नाही, तो त्या खालच्या नळीतून जातो. म्हणजे सगळे मागच्या धुराकडे बघत असताना इंजिनाचा श्वास पोटाखालून निघत होता. आणि यावरचा इलाज तर युद्धात तयार झालेला. अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह आणि एक रबरी नळी. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना पीसीव्ही लागला, १९६३ च्या मॉडेलपासून सगळ्या अमेरिकेत. गाडीच्या प्रदूषणावरचा हा पहिला नियंत्रक भाग. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरे सगळी मंडळी नंतरची.

या १९६१ आणि १९६३ च्या मधल्या दोन वर्षांवर मी अडकलो. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायसलर, अमेरिकन मोटर्स आणि त्यांच्या संघटनेवर खटला भरला. आरोप असा की या कंपन्यांनी १९५३ पासून प्रदूषण रोखणाऱ्या उपकरणांबाबत आपसांत स्पर्धा न करण्याचं संगनमत केलं. त्यातला एक मुद्दा नेमका याच व्हॉल्व्हचा होता: तो १९६२ च्या मॉडेललाच देशभर बसवता आला असता, काहींची तयारीही होती, पण सगळ्यांनी मिळून तो १९६३ वर ढकलला. खटला चाललाच नाही. त्याच वर्षी तडजोडीचा हुकूमनामा झाला, कंपन्यांनी गुन्हा कबूल न करता पुढे असं करणार नाही म्हणून सही केली. कितीही चिडलं तरी या व्यवहारातलं तर्कशास्त्र मला ओळखीचं वाटतं. मीसुद्धा स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये "हे पुढच्या रिलीजला घेऊ" असं म्हणणाऱ्यांतला आहे. फरक इतकाच की माझ्या बगमुळे कुणाचे डोळे चुरचुरत नाहीत. हागेन-स्मिट १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला. अननसाकडे तो परत गेला का, याचं मला उगाच कुतूहल आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आम्ही कोरेगाव रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे गेलो. पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतील एवढी जागा. मी बराच अभ्यास करून गेलो होतो, बोलायलाही सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाबांना विचारलं, "काका, गाडी किती चालते रोजची?"

"भाजी मंडई, बँक, कधी डॉक्टर. तीनचार किलोमीटर."

"आणि लांब?"

"लांब कुठे आता."

मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून मला दाखवलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा, लोण्यासारखा थर. तीनचार किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापत नाही. निसटलेल्या वायूतली वाफ उडून न जाता गार होऊन पाणी होते, ते तेलात घोटलं जाऊन हा साका बनतो, आणि सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसतो. मग त्यांनी इंजिन चालू केलं, खिशातून पावती काढली आणि त्या उघड्या भोकावर धरली. कागद फडफडत वर उडाला.

"हे बघा दादा. ओढायला पाहिजे हा. ढकलतोय."

व्हॉल्व्ह झाकणातून उपटून काढला आणि कानाशी हलवला. चांगला असेल तर आतली कळ खुळखुळते. हा मुका होता. मी खुळखुळा वाजवावा तसा पुन्हा हलवून पाहिला. काही नाही.

बाकीचं काम दोनेक तासांचं. नळी आतून साफ केली, ती एका वळणावर जवळजवळ बुजलेली होती. नवा व्हॉल्व्ह आला, त्याची किंमत आदल्या वेळच्या मजुरीपेक्षा कमी होती. टॅपेट कव्हर काढलं, दोन्ही कडा चिंधीने कोरड्या पुसल्या, नवं पॅकिंग खाचेत बसवलं, कोपऱ्यांत जिथे सांधा येतो तेवढ्याच जागी सिलिकॉनचा ठिपका. बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून, थोडे थोडे. माझ्या हातात पाना दिला होता, मी आवळत सुटलो तशी मिस्त्रींनी मनगट धरलं. "पिळू नका. झाकण वाकलं की नवं पॅकिंगपण गळणार. गळतंय म्हणून लोक आवळतात, आवळलं म्हणून गळतं." शेवटी ऑइल आणि फिल्टर बदलला, मॅनिफोल्ड जमेल तेवढा पुसला आणि सांगितलं की दोन-तीन दिवस वास येईल, घाबरायचं नाही. आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास हायवेला न्यायची.

इंजिन पुन्हा चालू करून पावती भोकावर धरली. कागद चपकन खाली बसला, मधोमध किंचित खळगा पडला.

बाबा इतका वेळ बाकड्यावर बसून होते. ते उठून आले, कागद काढला, परत ठेवला, परत काढला. "म्हणजे हा बसला की ठीक," ते म्हणाले, "आणि उडाला की नाही."

"बरोबर काका. बाहेर ओल आहे का तेवढं टॉर्चनं बघत जावा."

त्या संध्याकाळी मी सगळीकडे वास घेत गाडी चालवली. पहिल्या दिवशी आला, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून मुद्दाम पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबलो, काचा खाली, एसी बंद. गवताचा आला. शेजारी बाबा होते, त्यांनी एकदाही विचारलं नाही. किल्ली मात्र उतरताना त्यांनी मागून घेतली.

आता दर रविवारी ते कऱ्हाडच्या दिशेने एक चक्कर मारून येतात, आईला घेऊन. परत आल्यावर बोनेट उघडतात आणि मला व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो: ऑइलच्या तोंडावर बसलेली पावती, कधी दुधाची, कधी औषधांची. गेल्या रविवारी कॅलेंडरचं पान होतं.